‘पाडस’ पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांसाठी

रानजाई

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ‘द यर्लिंग’ १९३८ साली अमेरिकेत आली, त्या वर्षी तिथे सर्वांत जास्त खपलेली कादंबरी ठरली आणि १९३९ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. आपल्याकडे ती ‘पाडस’ म्हणून पोचली, राम पटवर्धनांच्या अनुवादातून. पटवर्धन ‘सत्यकथा’चे संपादक. दुसऱ्यांच्या लेखनावर जिवापाड मेहनत घेणारा माणूस. त्यांनी स्वतः एका परक्या मुलखातली गोष्ट हाती घेतली आणि ती अशी काही मराठीत रुजवली की पिढ्या उलटल्या तरी वाचनालयात या पुस्तकाला नंबर लावावा लागतो. ज्या ज्या घरात मी हे पुस्तक पाहिलंय, तिथे ते पाठीला चिकटपट्टी लावलेलं, कोपरे झिजलेलं असंच पाहिलंय.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी कृपया इथेच थांबावं आणि आधी पुस्तक मिळवावं. पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे.

फ्लोरिडातलं झुडपी रान, १८७० नंतरचा काळ. रानाच्या मधोमध उंच पाइन वृक्षांचं एक बेट आणि त्यावर बॅक्स्टरांचं एकटं घर. ठेंगणा, काटक पेनी; अंगाने थोराड, तोंडाने फटकळ ओरा; आणि बारा वर्षांचा ज्योडी. एका एप्रिलपासून पुढच्या एप्रिलपर्यंतची गोष्ट. पेनीला रॅटलस्नेक चावतो. विष ओढून घ्यायला तो समोर दिसलेली हरिणी मारतो, तिचं काळीज काढून जखमेवर दाबतो. त्या हरिणीचं पाडस ज्योडी घरी आणतो. ते वाढतं, वर्षाचं होतं आणि शेतातलं उभं पीक खायला लागतं.

लोक याला मुलाच्या आणि हरणाच्या प्रेमाची गोष्ट म्हणतात. बरोबरच आहे. पण ते प्रेम इतकं आत लागतं याचं कारण मला पानोपानी पसरलेल्या भुकेत दिसतं. स्लूफूट हे म्हातारं अस्वल थंडी संपल्यावर भुकेलं बाहेर पडतं आणि बॅक्स्टरांची व्यायला आलेली डुकरीण मारतं. लांडगे भुकेले. महापूर येऊन जातो, हरणांना रोग लागतो, मग लांडगे आणखी भुकेले. घरात मका किती उरला, धुरी दिलेलं मांस कधीपर्यंत पुरेल, याचा हिशेब ओराच्या बोलण्यात सतत चालू असतो. अशा घरात ज्योडी दुधात बोटं बुडवून ती पाडसाच्या तोंडात देतो. पाडस बोटं चोखतं, फुरफुरतं, डोक्याने ढुशी मारतं. त्याला प्यायला शिकवण्याचं ते वर्णन वाचताना मी दरवेळी हरखते, आणि दरवेळी मला आठवतं की हे दूध माणसांच्या वाटणीतलं आहे. आपल्या वाटचं दूध मी त्याला देईन, असं ज्योडी कबूल करतो तेव्हाच पुढचं सगळं ठरून गेलेलं असतं.

तुम्ही पुस्तक हातात घेतलंत की कुठल्या पानाकडे जाता? सविस्तर लिहा. मला वाचायचंय.

अबोली

आली आली, ‘पाडस’वाली मंडळी एकत्र आली! मी सुरुवातीकडेच जाते. झऱ्याच्या धारेत ज्योडी पाण्यावर फिरणारं भिंगरीचक्र बांधतो, ते फिरताना बघत पडून राहतो आणि तसाच झोपतो. काही घडत नाही तिथे, पण एप्रिलची ती दुपार मला पाठ आहे.

कोरडवाहू

रानजाई ताई, भुकेचं म्हणालात ते शंभर टक्के पटलं. मी त्याला शेतीच्या बाजूने थोडं जोडतो.

आमची शेती वाशिम जिल्ह्यात. तूर, सोयाबीन, हरभरा, सगळं पावसाच्या भरवशावर. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप शिरला की रात्रीत अर्धा एकर हरभरा बोडका करतो. रानडुकरं खातात त्याच्या दुप्पट तुडवतात. जागलीला जाणं आमच्या घरात आजोबांपासून चालू आहे. माळ्यावर बसायचं, डबा वाजवायचा, बॅटरी मारायची. पहाटे डोळा लागला की तेवढ्या वेळात जनावर येऊन जातं.

त्यामुळे ‘पाडस’मधला शेवटचा भाग मी शेतकऱ्याच्या नजरेने वाचतो. फ्लॅग, म्हणजे ज्योडीचं पाडस, आधी तंबाखूची रोपं तुडवतो. पेनी ते गिळून घेतो. मग नव्या जमिनीतलं झाडाचं खोड ओढताना पेनीच्या अंगात काहीतरी तुटतं, त्याला अंतर्गळ होतो आणि घरातला एकमेव कर्ता पुरुष अंथरुणाला खिळतो. कोवळा मका वर आलेला असतो. फ्लॅग ओळीच्या ओळी खाऊन टाकतो. पेनी काय म्हणतो? पुन्हा पेर, आणि कुंपण उंच कर. म्हणजे दुबार पेरणी. ज्याने ती केलीय त्यालाच कळेल त्यात काय काय येतं. बियाणं दुसऱ्यांदा जातं, ओल गेलेली असते, हंगाम मागे पडतो. इथे तर ती बारा-तेरा वर्षांचं पोर करतंय, एकटं, आणि वर ओंडके वाहून कुंपणही तेच उभारतंय. मका पुन्हा वर येतो. फ्लॅग ते उंच कुंपण सहज ओलांडतो आणि पुन्हा खातो.

तिसऱ्यांदा पेरायला ना बी, ना वेळ, ना माणूस. त्या रानात दुकान नाही, उधारी नाही, नुकसानभरपाईचा पंचनामा करायला कोणी येणार नाही. पेनीने ‘त्याला रानात ने आणि गोळी घाल’ म्हणणं मला क्रूर वाटत नाही. तो माणूस दोन वेळा थांबला होता. तोंडाने पोराला सांगितलंही, की तू मनापासून केलंस, कुणी केलं नसतं एवढं केलंस.

रॉलिंग्ज बाईंनी शेती कधी केली नसती तर हे असं लिहिता आलं नसतं, असं मला नेहमी वाटत आलंय.

ग्रंथसखी

कोरडवाहू, तुमचा अंदाज बरोबर आहे. रॉलिंग्ज मूळच्या शहरातल्या, वृत्तपत्रात लिहिणाऱ्या. १९२८ मध्ये त्यांनी फ्लोरिडात क्रॉस क्रीक इथे ७२ एकरांची संत्र्याची बाग घेतली आणि तिथेच राहायला गेल्या. कडाक्याच्या थंडीत दंव गोठायला लागलं की रात्रभर शेकोट्या पेटवून झाडं वाचवणं, गाई, कोंबड्या, सगळं त्यांनी केलं. शिवाय त्या झुडपी रानातल्या लोकांच्या घरी जाऊन राहिल्या, त्यांच्याबरोबर शिकारीला गेल्या, त्यांची बोली टिपून घेतली.

आणि ही कादंबरी त्यांना सुचवली ती त्यांचे संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी. हेमिंग्वे आणि फिट्झजेराल्ड यांचे संपादक तेच. त्या रानात वाढणाऱ्या एका मुलाबद्दल लिहा, हा त्यांचा आग्रह. रॉलिंग्ज यांनी आधी दुसरं लेखन हातावेगळं केलं, मग काही वर्षांनी इकडे वळल्या. संपादकाच्या आग्रहातून जन्मलेलं पुस्तक मराठीत एका संपादकानेच आणावं, हा योग मला फार आवडतो.

निशिगंध

सगळ्यांचं वाचतेय. सुंदर लिहिताय. पण एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे.

फ्लॅगला मारायलाच हवं होतं, हे मान्य. वाद तो नाहीच. माझी तक्रार पेनीबद्दल आहे. त्याने ते काम ज्योडीवर का टाकलं? ज्या पोराने त्या हरणाला बोटाने दूध पाजलं, त्याच्याच हाती बंदूक देऊन ‘जा’ म्हणायचं? ज्योडी ते करू शकत नाही. तो फ्लॅगला घेऊन रानात भटकतो, कुणीतरी ठेवून घेईल का बघतो, परत येतो. मग ओरा गोळी झाडते, ती वर्मी लागत नाही, तडफडणाऱ्या फ्लॅगला शेवटी ज्योडीलाच संपवावं लागतं. इतका प्रेमळ बाप, पोराचं बालपण लांबावं म्हणून त्याला कामातून सवलत देणारा, ओराची बोलणी खाणारा, तो ऐन वेळी असा का वागतो? मी हे पुस्तक जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा इथे अडते.

अबोली

निशिगंध, पेनीला त्या वेळी उभंही राहता येत नव्हतं गं. पलंगावरून उठून तो दारापर्यंत कसाबसा येतो.

आणि ओराबद्दल एक गोष्ट सांगायचीच आहे. ज्योडीच्या आधीची तिची मुलं जगली नाहीत. आली तशी गेली. पेनीने त्यांना रानातल्या एका मोकळ्या जागेत पुरलंय आणि प्रत्येकाच्या डोक्याशी लाकडाची पाटी स्वतः कोरून लावलीय. एकीवर मुलाचं वय वर्षं आणि महिने असं लिहिलंय. एक पाटी अशा मुलीची आहे जिने उजेड पाहिलाच नाही. हे सगळं पुस्तकात सुरुवातीलाच, एका परिच्छेदात येऊन जातं. तो परिच्छेद नीट वाचला की ओराच्या फटकळपणाचा अर्थ लागतो. एवढी मुलं मातीत गेल्यावर जे उरलंय त्याच्या ताटात काय पडतंय यापलीकडे तिला काही दिसत नाही. गोळी चुकल्यावर तीच म्हणते ना, की मला त्या मुक्या जिवाला दुखवायचं नव्हतं, मला नेम धरता येत नाही.

निशिगंध

अबोली, ओराबद्दल पटलं, तिच्यावर माझा राग कधीच नव्हता. पेनीबद्दलचा प्रश्न मात्र मी मागे घेत नाही. शेजारच्या बक फॉरेस्टरला निरोप धाडता आला असता.

कोरडवाहू

निशिगंध ताई, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण बक कुठून येणार? बकचा धाकटा भाऊ फॉडरविंग वारल्यापासून त्या घराची रया गेली होती, आणि त्या सुमाराला जवळची माणसं एकेक करून लांब गेलेली. पुस्तकाच्या शेवटाकडे बॅक्स्टर जितके एकटे पडतात तितके आधी कधीच नव्हते. मला तर वाटतं पेनीने ते काम ज्योडीला सांगितलं कारण दुसऱ्या कुणी केलं असतं तर पोराने त्याला जन्मभर माफ केलं नसतं. झालंही तसंच. बापाने विश्वासघात केला असं समजूनच तो घर सोडतो.

गोंदियाकर

माझं पान क्रौंचनृत्याचं! दिवसभर मासे धरून बापलेक परतत असतात. दलदलीच्या कडेला त्यांना हुपिंग क्रेनचा थवा दिसतो. पांढरेशुभ्र, माणसाएवढे उंच पक्षी. दोघे बाजूला उभे राहून सूर धरतात, बाकीचे रिंगण करून नाचतात. पंख उचलायचे, मान खाली घ्यायची, एक पाय, मग दुसरा. सूर्य मावळतो, पक्षी तांबूस दिसायला लागतात. बापलेक गवतात आडवे पडून बघत राहतात आणि नंतर कितीतरी वेळ बोलत नाहीत.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात सारस आहेत. महाराष्ट्रात आता जवळपास इथेच उरलेत, धानाच्या बांधीत आणि तलावांच्या काठी. जोडी नाचताना मी पाहिलीय. नर पंख उघडून उडी मारतो, मादी मान झुकवते, मग दोघं चोची वर करून एकदम ओरडतात. आवाज दोन शेतं ओलांडून ऐकू येतो. सारस आणि हुपिंग क्रेन एकाच कुळातले. त्यामुळे हे पान वाचताना मला काहीच कल्पून घ्यावं लागत नाही, फक्त रंग बदलावा लागतो.

आणि एक गोष्ट काळजाला लागते. पुस्तक निघालं त्याच सुमारास हे पक्षी संपायला आले होते. १९४१ मध्ये अख्ख्या अमेरिकेच्या रानात वीस-बावीस उरले होते. शिकार आणि दलदली बुजवणं, ही दोन कारणं. पुढे अंडी उबवून, पिल्लं वाढवून त्यांना सावरण्यात आलं. इथेही सारसाचं घरटं राखण्यासाठी शेतकऱ्यांना भेटून समजावणारी मंडळी आहेत, अंडी फुटेपर्यंत तेवढी बांधी जपणारे शेतकरीही आहेत.

माळरान

गोंदियाकर, अंगावर काटा आला वाचून. +१००

वैद्य_सातारा

सर्पदंशाच्या प्रसंगाबद्दल थोडं लिहितो, कारण हा धागा शाळकरी मुलंही वाचतील.

प्रसंग म्हणून तो मराठीत वाचायला मिळणाऱ्या सर्वांत ताणलेल्या पानांपैकी आहे. पेनीच्या हाताला दंश होतो, तो सापाला मारतो, धडपडत पुढे चालत राहतो, हरिणी दिसते, गोळी घालतो, चाकूने दंशाची जागा चिरतो आणि गरम काळीज त्यावर दाबतो. ते हिरवट पडतं, तो दुसरा तुकडा घेतो. ज्योडीला वादळी पावसात फॉरेस्टरांकडे पिटाळतो. त्या काळी त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. सर्पविषावरची लस १८९५ च्या सुमाराला फ्रान्समध्ये तयार झाली, म्हणजे गोष्टीच्या काळानंतर वीसेक वर्षांनी.

पण आज हे काहीही करू नये. चिरू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये, मांस-पाला काही लावू नये. रुग्णाला चालवू नये, हात-पाय हलणार नाही असा बांधून थेट दवाखाना गाठावा. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत मिळते. रॅटलस्नेकचं विष आपल्या घोणशीसारखं रक्तावर काम करतं, सूज आणि रक्तस्राव होतो. पेनीचा हात सुजून काळा पडतो, त्याला भ्रम होतो, हे वर्णन डॉक्टर म्हणून मला अगदी खरं वाटतं. तो वाचतो हे माझ्या मते त्याचं नशीब आणि काटक शरीर.

आणखी एक. पेनी शुद्धीवर आल्यावर ज्योडी पाडसाबद्दल विचारतो तेव्हा त्याची बाजू घेणारा माणूस कोण? डॉक्टर विल्सन. जिच्यामुळे जीव वाचला तिच्या पिल्लाला उपाशी मरू देणं हे कृतघ्नपणाचं होईल, हा विचार तिथे मांडला जातो आणि ओरा गप्प होते. त्या डॉक्टरांच्या वाट्याला पुस्तकात मोजकी पानं आली आहेत, तरी ते माझे आवडते.

रानजाई

काय एकेक प्रतिसाद येताहेत! वैद्य, तुम्ही फॉरेस्टरांचं नाव काढलंत म्हणून लिहिते.

त्या वेळी बॅक्स्टर आणि फॉरेस्टर यांच्यात उभा दावा पडलेला असतो. गावात मारामारी झालेली, फॉरेस्टरांनी यांची डुकरं पळवलेली. पेनी त्यांच्याच दारी जाब विचारायला निघालेला असतो आणि वाटेत साप चावतो. ज्योडी रडत-पडत त्याच घरी पोचतो. लेम तोंड फिरवतो. पण मिलव्हील क्षणात घोड्यावर बसून डॉक्टरांना आणायला सुटतो आणि बक पेनीला उचलून आणायला. पुढे बक बॅक्स्टरांकडे राहून त्यांची मशागत करून देतो. भांडण तसंच राहतं, मिटवल्याचा देखावा कुणी करत नाही, पण माणूस मरत असेल तर घोडा काढायचा. खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने ही रीत पाहिलेली असते.

आणि फॉडरविंग! पांगळा, कमजोर, लोकांच्या दृष्टीने खुळा मुलगा. लहानपणी हातांना कडबा बांधून कोठीच्या छपरावरून उडायला गेला, म्हणून हे नाव. रॅकून, खारी, पाखरं पाळणारा. फ्लॅगला नाव त्यानेच दिलेलं. ज्योडी पाडस दाखवायला धावत जातो आणि अंगणातच बक भेटतो. त्या धिप्पाड, आरडाओरडा करणाऱ्या घरातली शांतता ज्योडीला आधी कळतच नाही. पुरताना प्रार्थना म्हणायला धड कुणी नसतं, पेनी म्हणतो. तिथे गेल्यावर त्याचे पाय सरळ कर देवा, आणि फार मागणं होत नसेल तर सोबतीला थोडी पाखरं नि जनावरं दे, अशा अर्थाची ती प्रार्थना आहे. मी ती मोठ्याने वाचू शकत नाही.

पाणवठा

वन्यजीव बचावाच्या कामात स्वयंसेवक म्हणून बरीच वर्षं आहे. ‘पाडस’ माझंही लाडकं. तरी या पुस्तकाच्या प्रत्येक चाहत्याला एक कळकळीची विनंती.

रानात, माळावर, उसाच्या फडात हरणाचं पिल्लू एकटं बसलेलं दिसलं तर उचलू नका. काळवीट असो, चितळ असो, आई पिल्लाला गवतात लपवून चरायला जाते आणि काही तासांनी दूध पाजायला परत येते. पिल्लू निपचित बसून राहतं, तीच त्याची राखण. लोकांना वाटतं ते अनाथ आहे. ते घरी आणतात, गाईचं दूध पाजतात, हगवण लागून ते दोन दिवसांत मरतं. जगलं तर माणसाळतं, मग त्याला रानात परत सोडणं फार अवघड. त्यातून नर असेल तर वयात आल्यावर शिंगं मारतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने असं पाळणं गुन्हाही आहे. वन विभागाला कळवा, १९२६ हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक आहे.

ज्योडीचं पाडस खरोखर अनाथ होतं, कारण त्याच्या आईला ज्योडीच्या बापानेच मारलं होतं. आणि गंमत नव्हे, खरंच सांगतो, माणसाळलेल्या हरणाचं पुढे काय होतं याचं इतकं अचूक वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. फ्लॅगला रानात हाकलूनही तो परत येतो. येणारच. त्याला माणसाची भीती शिकवणारी आई नव्हती, आणि अन्न कुठे असतं ते त्याने ज्योडीच्या मागे मागे फिरून शिकलेलं.

शेवंती_ह्यूस्टन

फ्लोरिडात भाचीकडे गेले होते तेव्हा ओकाला राष्ट्रीय वनात मुद्दाम जाऊन आले. ज्यांना जाणं शक्य असेल त्यांनी जरूर जा.

बॅक्स्टरांचं बेट खरं आहे. पॅट्स आयलंड हे त्याचं नाव. पाण्यातलं बेट नाही हे तुम्ही जाणताच. सगळीकडे खुरटे ओक, वाळूतले बुटके पाइन, पायात अडकणारे पाल्मेटोचे झुडूपवजा ताड, आणि त्यात अचानक उंच, लांब पानांच्या पाइनचा मोकळा पट्टा. तिथे लाँग नावाचं कुटुंब राहायचं आणि त्यांच्यातल्या एका मुलाने हरणाचं पाडस पाळलं होतं. रॉलिंग्ज यांनी ती हकिगत त्या घरच्या माणसांकडून ऐकली. आता तिथून एक पायवाट जाते, तिला कादंबरीचंच नाव दिलंय. वाटेवर लाँग कुटुंबाची छोटी दफनभूमी आहे आणि जमीन खचून झालेला तो मोठा खळगाही, ज्याच्या झिरपत्या पाण्यावर बॅक्स्टर जगायचे. ओरा कपडे धुवायला तिथे उतरायची. वर उभं राहून उताराकडे पाहिलं आणि भरलेली बादली घेऊन ही चढण रोज चढायची म्हणजे काय, ते गुडघ्यांना कळलं.

रस्त्याच्या पलीकडे सिल्व्हर ग्लेनचे झरे आहेत. त्यातल्या एका छोट्या झऱ्याला ज्योडीचं नाव दिलंय. उथळ, नितळ पाणी आणि तळातून पांढरी वाळू सतत उकळ्या फुटल्यासारखी वर येत असते. दहा-बारा ठिकाणी. वाळू वर येते, पसरते, खाली बसते, पुन्हा येते. अबोली, तुमची ती एप्रिलची दुपार तिथे जशीच्या तशी आहे.

अस्वलं त्या वनात आजही भरपूर आहेत. लांडगे गेले. कादंबरीत फॉरेस्टर विष घालून लांडगे मारायचा बेत करतात तेव्हा पेनी विरोध करतो ना, ते आठवून तिथे फार वाईट वाटलं.

क्रॉस क्रीकचं रॉलिंग्ज यांचं घरही जतन केलंय. जाळी लावलेल्या ओसरीत त्यांचं टेबल आणि त्यावर टंकलेखन यंत्र. समोर संत्र्याची झाडं.

वाटसरू_नाशिक

सगळे रडवताय! पेनीने लेमला कुत्रा विकला तो प्रसंग कसा विसरलात? अस्वल दिसताच शेपूट घालून पळालेला पर्क. पेनी फॉरेस्टरांकडे जाऊन शपथेवर सांगतो की हा कुत्रा कुचकामी आहे, तंबाखूच्या पिळाच्या लायकीचाही नाही. खरं तेच सांगतो! पण तो जितका कुत्र्याला नावं ठेवतो तितकी लेमची खात्री पटते की हा काहीतरी लपवतोय. शेवटी लेम आपली नवीकोरी बंदूक देऊन कुत्रा घेतो. परतताना पेनी पोराला सांगतो की माझे शब्द सरळ होते पण हेतू मात्र ओक्लावाहा नदीसारखा वाकडा. मी हे प्रकरण मित्रांना सांगताना सांगूच शकत नाही, मधेच हसू फुटतं. पेनीचा सच्चेपणा आणि त्याची हुशारी एकत्र दिसते ती इथेच.

माळरान

सिनेमा कुणी पाहिलाय का? बघण्यासारखा आहे?

ग्रंथसखी

१९४६ चा आहे, ग्रेगरी पेक पेनी झालाय आणि क्लॉड जार्मन ज्योडी. छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन यांना ऑस्कर मिळालं, जार्मनला बालकलाकार म्हणून खास ऑस्कर. फ्लोरिडाचं रान बघण्यासाठी जरूर बघावा. पण पेक चांगला उंचापुरा, आणि पेनीचं ठेंगणेपण त्याच्या स्वभावाचा पाया आहे. माणसांनी फार दुखावल्यामुळे तो रानात येऊन राहिला, हे पुस्तकात हळूहळू उलगडतं, पडद्यावर तेवढं पोचत नाही. जेन वायमनची ओरा मात्र मला फार पटली.

सई_आई

मी हे पुस्तक कॉलेजात वाचलंय. आता लेकीला वाचून दाखवायचं मनात आहे. ती नऊ वर्षांची, घरात मांजर, भटक्या कुत्र्यांवर जीव. शेवट सोसेल का तिला? की अजून थांबू?

अबोली

मी बारापर्यंत थांबले असते. ज्योडीचंच वय.

वाटसरू_नाशिक

नऊला चालेल. मुलांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त झेपतं. कुत्र्याच्या प्रकरणापासून सुरुवात करा, ती अडकेलच.

निशिगंध

मी माझ्या मुलाला दहाव्या वर्षी वाचून दाखवलं. तो फ्लॅगसाठी रडला, पण त्याने विचारलेला प्रश्न पेनीबद्दलच होता. आमची त्यावर अजूनही चर्चा होते. सई_आई, वाचा. फक्त तिला आधी सांगू नका की हे दुःखी पुस्तक आहे. तसं ते नाहीच. त्यात नाताळ आहे, अस्वलांच्या मागची दौड आहे, हुट्टो आजीकडचे खाण्याचे लाड आहेत.

रानजाई

सई_आई, वाचाच. रोज रात्री एक प्रकरण असं पुरवून पुरवून घ्या, मोठं पुस्तक आहे, महिना-दीड महिना सहज पुरेल. शिकारीची वर्णनं तपशिलात आहेत, ती गाळू नका, पण ती भाजीवाल्याकडून भाजी आणावी तशी त्यांच्या रोजच्या पोटाची सोय होती हे सुरुवातीलाच बोलून घ्या.

शेवटासाठी मात्र सुट्टीची दुपार राखून ठेवा. फ्लॅग जातो त्या प्रकरणावर पुस्तक मिटून तिला झोपवू नका. पुढे ज्योडी घर सोडतो, होडीतून बोस्टनला जायचं म्हणून निघतो, भुकेने बेशुद्ध पडतो, पोस्टाची बोट त्याला उचलून किनाऱ्यावर सोडते. खरी भूक त्याला तिथे पहिल्यांदा कळते, आणि आईबापाने काय राखलं तेही. मग तो परत येतो, आणि अंथरुणावरचा पेनी त्याच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलतो. आयुष्य माणसाला खाली पाडतं, तो उठतो, पुन्हा पाडतं, हे तो कसलीही मलमपट्टी न करता सांगतो. तिथपर्यंत एका बैठकीत पोचा.

सई_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनालयात नंबर लावलाय, माझ्या आधी दोघं आहेत. तोपर्यंत आईकडची जुनी प्रत मिळते का बघते.